पावणेतीन काठ्या

टेम्पोवाल्याने टेम्पो विकला बुधवारी आणि कुंभारांना सांगितलं शुक्रवारी. तेही रस्त्यात गाठ पडली म्हणून.

"गुडघे गेले बघ," तो दादाला म्हणाला. "क्लच दाबवत नाही. दिली गाडी भंगारात. आता तुमचं तुम्ही बघा."

बावीस वर्षं या माणसाने त्यांचे रांजण वाहिले होते. एवढ्या वर्षांत भांडण नाही की तंटा नाही.  गुडघ्यांना तेल लावत जा, एवढं म्हणून दादा घरी आला.

घर म्हणजे चार माणसं. म्हातारी रांजण घडवायची. सत्तरी गाठली होती, पण एका हाताने आतून दगड धरून दुसऱ्या हाताने थापी मारायला लागली की अंगणात उभ्या माणसाने बोलणं थांबवावं, असा हात. थोरल्या मुलाकडे भट्टी. त्याला सगळे दादा म्हणत. दादाची बायको माती चाळायची, मळायची, वाळलेले रांजण फिरवायची आणि भाजलेले वाजवून बघायची. तिला म्हातारी सोडून सगळे वहिनीच म्हणत, शेजारच्या आजोबांसकट. आणि धाकटा. तीस वर्षांचा झाला तरी धाकटाच. खाणीतून माती आणायची, सरपण फोडायचं आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर गाड्या बघायच्या, हा त्याचा दिनक्रम.

टेम्पो गेल्याचं ऐकून म्हातारीची थापी हवेतच थांबली. "आणि शनिवारचं काय?"

शनिवारचं काय, हेच तर सगळ्यांच्या मनात होतं. हमरस्त्यावरच्या नेहमीच्या रोपवाटिकेने या उन्हाळ्यात दर शनिवारी अठरा रांजण मागितले होते, झाडं लावायला. एका खेपेत अठरा. रोपवाटिकावाला माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे उतरवून घेणारी माणसं सकाळी दोनच तास असायची. "दोन खेपा करत बसलात तर मला परवडत नाही," त्याने आधीच सांगून टाकलं होतं. त्याच्या फाटकाशी सिमेंटची एक कुंडी नमुन्याला आणून ठेवलेली होती. राखाडी, कडेला मशिनने उमटवलेली वेलबुट्टी. तो तिच्याबद्दल काही बोलत नसे. बोलायची गरज पण नव्हती.

"पहिल्या दोन शनिवारी भाड्याची गाडी बघू," दादा म्हणाला. "पण आता आपली घ्यायलाच हवी. पैसे ठेवलेत ते कशाला?"

धाकट्याच्या अंगात वारं शिरलं. जुन्या कॅलेंडरचं पान त्याने उलटं केलं, त्यावर रेघा मारल्या आणि भिंतीला चिकटवलं. वर तीन गाड्या, कडेने एकेक गोष्ट: इंजिनाची ताकद, लिटरला किती, डब्याची लांबी, डब्याची उंची, स्प्रिंग, एसी, मागचा कॅमेरा, पडदा मोठा की छोटा. कंपन्यांची लांबलचक नावं म्हातारीच्या जिभेवर बसेनात, म्हणून घरात त्या तिघींना उंच, चारदारी आणि लांबडी अशी नावं पडली.

"बायको बघायला गेलास तेव्हा एक प्रश्न विचारला नाहीस," म्हातारी म्हणाली. "म्हणून ती नाही म्हणाली. आता गाडीला बघ किती विचारतोय."

"गाडी नाही म्हणत नाही ना, आई."

वहिनी मळलेल्या मातीवर ओलं फडकं टाकत होती. हात धुऊन ती कॅलेंडरपाशी गेली. सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. तिला हवा होता तो रकाना त्यात नव्हताच.

"भाऊजी, माणसं किती बसतात ते नाही लिहिलं."

"अरे हो!" धाकट्याने खाली कोपऱ्यात, जागा उरली होती तिथे, बारीक अक्षरात लिहिलं. उंच, दोन. लांबडी, दोन. चारदारी, पाच.

पाच या आकड्याकडे वहिनी जरा जास्तच वेळ बघत राहिली.

त्याचं असं होतं. रांजण गाडीत नुसते ठेवून भागत नाही. खाली पेंढा, मध्ये पेंढा, वर दोर, आणि एवढं करून एक माणूस डब्यात बसलेलं लागतं. खड्डा आला की रांजण सरकतात. एक सरकला की शेजारच्याला लागतो आणि मग बसा तुकडे वेचत. बसणाऱ्याने पाठ फळीला लावायची, पाय शेवटच्या ओळीला रेटायचे आणि गाडी उडाली की सगळं अंग ताठ करायचं. कुंभारांकडे हे काम आधी म्हातारी करायची. मग सून आली.

लग्नानंतरच्या पहिल्याच खेपेला टेम्पोवाल्याने विचारलं होतं, "पोरी, पुढे बसतेस का?" पुढे एकच जागा, तिथे सासरे बसलेले. नवी सून काय म्हणणार? "नको, मला मागेच बरं वाटतं. वारा लागतो," असं ती म्हणाली होती. झालं. ते वाक्य तिला चिकटलं. सासरे गेले, त्यांच्या जागी दादा बसायला लागला, आणि वहिनीला मागेच बरं वाटतं हे घरात असं ठरून गेलं, जसं दादाला कारलं आवडत नाही हे ठरलेलं होतं. येताना डबा रिकामा असायचा, तरी ती मागेच. टेम्पोवाला तिला गमतीने रांजणांची राणी म्हणायचा. ती हसायची.

अठरा वर्षं झाली होती. डावा खुबा सकाळी उठताना चावायचा. माकडहाडावर एक घट्टा पडला होता, तो कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. पावसाच्या दिवसांत रस्ता उखडला की शनिवारी परत आल्यावर ती तासभर पालथी पडून राहायची आणि विचारलं तर सांगायची, "जरा डोकं धरलंय." आता गाडीच नवी येणार म्हटल्यावर तिच्या मनाने उचल खाल्ली होती. एक सीट. दार असलेली, पाठ टेकता येईल अशी एक सीट. एवढंच. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण हवी होती हे खरं होतं.

*

सोमवारी चौघंही गाड्या बघायला गेली. तिन्ही दुकानं शहराच्या तोंडाशी एकाच रस्त्यावर होती. निघताना धाकट्याने म्हातारीच्या चाकाजवळच्या खिळ्यावरची माप-काठी काढून घेतली. काठीची लांबी म्हणजे एका रांजणाच्या पोटाची रुंदी. फूट, इंच, मीटर दुकानदाराला लागतात. कुंभाराला काठीत किती बसतात एवढं कळलं की पुरे.

उंच गाडी दिसायला वाघ होती. चारही चाकांना ताकद, चिखलातून जाते, डोंगर चढते. विक्रेत्याने तिचं तोंडभर कौतुक केलं. म्हातारीने ते सगळं ऐकून घेतलं, मागे गेली आणि फळी उघडायला लावली. डब्याचा तळ तिच्या हनुवटीला लागला.

"यात रांजण चढवायचा तर आधी मला चढवा," ती म्हणाली.

विक्रेता हसला. म्हातारी हसत नव्हती. भाजलेला रांजण दोघांनी कमरेपर्यंत उचलणं वेगळं आणि हनुवटीपर्यंत उचलणं वेगळं. उंच गाडीचा निकाल तिथेच लागला, काठी काढावीसुद्धा लागली नाही. पण तेवढ्या उन्हात म्हातारीचे पाय भरून आले. तिला समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसवलं आणि तिघं पुढे गेली.

चारदारीपाशी विक्रेता म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने मागचं दार उघडलं आणि वहिनीकडे बघून म्हणाली, "बसून बघा ना."

वहिनी बसली. पाठ टेकली. एवढ्या चांगल्या गाडीत बसताना आपल्या पदराला माती लागली आहे हे तिला आठवलं, तिने पदर उचलून मांडीवर घेतला. खुब्याखाली काही टोचत नव्हतं. काच बंद होती आणि बाहेरचं बोलणं दुरून आल्यासारखं येत होतं. मुलगी दादाला सांगत होती की हिला मागे गोल स्प्रिंग आहेत, पट्ट्यांच्या नाहीत, त्यामुळे खड्डा माणसापर्यंत येतच नाही. "मालापर्यंत?" दादाने विचारलं. "मालापर्यंत पण नाही," ती म्हणाली.

धाकटा डब्यात चढून काठी टाकत होता. एक. दोन. तिसऱ्यांदा टाकली ती पुढच्या पत्र्याला अडली.

"पावणेतीन," तो वरून ओरडला. "काय हे! थोडक्यात गेलं."

"आडवे?"

"आडवे तीन. पण लांबीला दोनच ओळी. दोन त्रिक सहा आणि वर सहा. बारा." रांजण दोन थरांत जायचे, खालचे सरळ आणि वरचे पालथे. "अठरा काही बसत नाहीत, दादा."

"फळी उघडी टाकून?"

"आणि रांजण रस्त्यावर?"

दादाने चारदारीच्या पत्र्यावर एकदा हात फिरवला. बारा रांजणांची गाडी घेऊन अठराची मागणी कशी पुरी करणार? त्याचं काही चुकत नव्हतं. वहिनी उतरली, दार लावलं. ते इतकं हलकं लागलं की नीट लागलं का म्हणून तिने पुन्हा ओढून बघितलं.

लांबडीला दोन दारं, पुढे दोन जागा आणि मागे हा एवढा डबा. काठी चार वेळा पडली आणि वर चार बोटं उरली. चार ओळी, म्हणजे एका थराला बारा आणि एकूण चोवीस. धाकट्याच्या चेहऱ्यावर दिवाळी. डबाही कमरेएवढा खाली होता. स्प्रिंग मात्र पट्ट्यांच्या, जाड, एकावर एक सात.

"माल भरला की छान बसते," इथला विक्रेता म्हणाला. टाय लावलेला, बारीक मिशीचा. "रिकामी असताना जरा उडते."

"मी मागे बसून बघू का?" वहिनीने विचारलं. "एक चक्कर?"

विक्रेत्याने आधी दादाकडे बघितलं, मग धाकट्याकडे, आणि उत्तर दादालाच दिलं. "मागे माणसं बसत नाहीत, साहेब. मागे माल असतो."

दादा खाली बघून चप्पल घासत राहिला. धाकटा म्हणाला, "नाही, म्हणजे आमच्याकडे यांना सवय आहे. यांना मागेच बरं वाटतं." विक्रेत्याने खांदे उडवले.  वहिनीने डब्याचा पत्रा बोटाने वाजवून बघितला, रांजण वाजवतात तसा. पातळ होता.

ठरलं असं की गुरुवारी दुकानदार लांबडी घरी आणेल, माल भरून एक फेरी मारायची आणि पसंत पडली तर तिथल्या तिथे कागदावर सही.

*

तीन दिवस वहिनी गप्प गप्प होती. काम चालूच होतं. माती चाळून झाली, मंगळवारी भट्टी उघडली, एकेक रांजण बाहेर काढून तिने वाजवला. त्या खेपेला पंचवीसातले दोनच बद्द वाजले, म्हणजे उत्तम भाजणी. दादा खूष होता.

"तुला काय झालंय?" त्याने विचारलं.

"कुठे काय."

"गाडी येतेय घरात आणि तुझं तोंड बघ."

ती काय सांगणार? चोवीस रांजण नेणारी गाडी सोडा आणि मला सीट आहे म्हणून छोटी गाडी घ्या? कोणत्या तोंडाने? मनात ती एकच हिशेब करत होती. लांबडीत काठी बरोबर चार वेळा पडली होती आणि उरली होती चार बोटं. चार बोटांत माणूस बसत नाही. म्हणजे निदान मागे तिला जागाच नव्हती. मग मला घरी ठेवतील किंवा मला पुढे बसवून हे मागून सायकलवर येतील, काहीतरी करतील, पण डब्यात नाही. एवढ्यावर ती समाधान मानायला बघत होती.

गुरुवारी सकाळी लांबडी दारात आली. टायवाला स्वतः आला होता. दोन रिकामे रांजण एकमेकांवर आपटावेत तसा तिचा हॉर्न होता. शेजारपाजारचे बघायला जमले. दादाने आणि धाकट्याने पेंढा अंथरला आणि खालचा थर भरायला घेतला. रांजणाचं बूड अरुंद, पोट वर, त्यामुळे चाकावरच्या उंचवट्यांचं काही अडलं नाही. तीन, सहा, नऊ, बारा. चौथी ओळ लागली.

"हे बघ!" दादा डब्यातून वळून म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता. "तुझी जागा तशीच राहिली बघ!"

वहिनीने वर चढून बघितलं. शेवटची ओळ आणि फळी यांच्यामध्ये दीड वीत जागा होती. टेम्पोत होती तेवढीच. थोडी कमीच म्हणा.

"बसा वहिनी, बसा," धाकटा म्हणाला. "राणीसरकार!"

ती बसली. फळी लावली, खुंटी पडली. टायवाला पुढून कुरकुरला, की असं चालत नाही, वाटेत कुणी अडवलं तर जबाबदारी त्याची नाही. धाकट्याने त्याला सांगितलं की पाचच किलोमीटर जाऊन यायचंय. गाडी निघाली.

गावातला रस्ता बरा होता. पुढे खडी. पहिल्याच खड्ड्याला लांबडीचा मागचा भाग असा उडाला की वहिनीचे दात दातांवर आपटले. सात पट्ट्यांची स्प्रिंग, बारा रांजणांनी ती काय दबणार! तिने पाय रेटले, पाठ फळीला लावली. फळीची कडा तिच्या पाठीत कुठे लागायची ते दुसऱ्या खड्ड्यात कळलं, तिसऱ्यात पक्कं झालं. मधला रांजण सरकायला लागला, तिने गुडघ्याने अडवला. धूळ तोंडात गेली. मागे माल असतो, तिला आठवलं.

आणि मग, एकदम, तिच्या डोक्यात ते आलं. माझी जागा आली कुठून?

चार काठ्या आणि चार बोटं. मी स्वतः बघितलं होतं. चार रांजण बसल्यावर चार बोटं उरायला हवीत आणि इथे माझे दोन्ही पाय मावलेत. डबा तर वाढत नाही. मग रांजण लहान झाले? ती पुढच्या रांजणाच्या पोटाकडे बघत राहिली. तांबडा, खणखणीत भाजलेला. रांजण लहान झाले! अगं बाई, झालेच की! भट्टीत जाऊन आलेला रांजण लहान होणार नाही तर काय?

ओली माती वाळते, मग भाजते, आणि आठ बोटांना एक बोट कमी होते. हे त्या घरात माणूस बोलायला लागतो त्याच्याही आधी शिकतो. म्हणून तर काठ्या दोन असायच्या. म्हातारीच्या चाकाजवळची कच्ची काठी, ओला रांजण मोजायची. आणि दुसरी पक्की, भाजलेला रांजण मोजायची, माल भरताना लागणारी. पक्की कायम टेम्पोत, ड्रायव्हरच्या सीटमागे असायची. टेम्पोबरोबर ती भंगारात गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. धाकट्याने खिळ्यावर होती ती काठी उचलली होती.

रांजण धरून ठेवता ठेवता वहिनीने बोटं मोजली. एका रांजणामागे काठीचा आठवा भाग कमी. तीन रांजणांमागे तीन आठवे. चारदारीत पावणेतीन काठ्या बसल्या होत्या, म्हणजे कमी पडत होता पाव भाग. पाव म्हणजे दोन आठवे. तिने पुन्हा मोजलं. तीन ओळी बसत होत्या! वर काठीचा आठवा भाग उरत होता, पेंढा कोंबायला तीन बोटं. तीन त्रिक नऊ आणि वर नऊ.

अठरा.

गाडी रोपवाटिकेच्या फाट्याशी वळली आणि पुन्हा तीच खडी सुरू झाली. वहिनीचा खुबा पेटला होता. पण आता ती खड्डे मोजत नव्हती, घर कधी येतं ते बघत होती.

*

दारात गाडी थांबली तेव्हा म्हातारी ओल्या रांजणाच्या पोटाला काठी लावून बघत होती. बारा रांजण शाबूत होते. टायवाल्याने कागद काढले, दादाने हात पुसले. वहिनी फळीवरून उतरली, पाय बधिर झाले होते म्हणून गाडीला धरून जरा उभी राहिली आणि मग सरळ म्हातारीकडे गेली.

"आई, ही काठी कुठली?"

"कुठली म्हणजे? कच्ची."

"भाऊजींनी सोमवारी गाड्या हिनेच मोजल्या."

म्हातारीने काठीकडे बघितलं. मग धाकट्याकडे बघितलं. "गाढवा," ती म्हणाली. "ओले रांजण विकायला नेणार होतास?"

शेजारी हसले. धाकट्याचा चेहरा कान धरल्यासारखा झाला. दादा आधी गोंधळला, मग त्यानेही बोटं मोजली आणि कपाळावर हात मारला. "चारदारीत तीन ओळी बसतात की!"

"बसतात ना," धाकटा सावरून म्हणाला. तो हार मानणारा नव्हता. "पण दादा, बिघडलं काय? हिच्यात चोवीस बसतात ते बसतातच. चुकून का होईना, बरोबरच गाडी आली. अठरापेक्षा चोवीस केव्हाही बरे. आणि वहिनींची जागाही आहे."

खरंच होतं ते. टायवाल्याचा जीव भांड्यात पडला, त्याने पेनाचं टोपण काढलं. दादा कागदाकडे वळला. वहिनीला कळून चुकलं की काठीने तिचं काम केलं, आता पुढचं काठी करणार नव्हती.

"मला पुढे बसायचंय," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण फाटला होता. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"पुढे?" धाकटा म्हणाला. "पण वहिनी, तुम्हीच तर म्हणता, मागेच बरं वाटतं. वारा लागतो..."

"एकदा म्हटलं होतं. अठरा वर्षांपूर्वी. नवी होते मी, मामंजी बसले होते पुढे, काय म्हणणार होते?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला त्याचा राग आला आणि ती आणखी जोरात बोलली. "खुबा गेलाय माझा. शनिवारी डोकं धरलंय म्हणते तेव्हा डोकं नसतं धरलेलं. मागे माल असतो, माणूस नाही, हे त्या दुकानातल्या माणसाला कळलं. घरात कुणाला कळलं नाही. चारदारी घ्या नाहीतर मी गाडीतच बसणार नाही. बसवा कुणालाही त्या जागेत."

 दादा लांबडीपाशी गेला, फळीवर पाय ठेवून वर चढला आणि त्या दीड वीत जागेत बसायला गेला. आधी एक पाय घातला. दुसरा जाईना. मग उकिडवा बसायला बघितलं तर गुडघे रांजणाच्या वर आले आणि पाठ फळीला लागेना. शेजारी आधी हसले, मग हसायचे थांबले. कसाबसा अडकून तो क्षणभर तिथे राहिला, रांजणांच्या पोटांकडे तोंड करून.

"बाविसाव्या वर्षी पोटातलं माझं पहिलं पोर असंच मागे बसून गेलं," म्हातारी चाकावरून म्हणाली. थापी खाली ठेवली नव्हती. "हाच रस्ता. मी पण कुणाला सांगितलं नाही."

दादाने तिच्याकडे बघितलं. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो उतरला, पँट झटकली आणि टायवाल्याला म्हणाला, "साहेब, तुमची गाडी चांगली आहे. पण नको."

*

चारदारी आली त्या आठवड्यात धाकट्याने दोन्ही काठ्या नव्या केल्या. पक्कीला लाल रंग दिला आणि सीटमागे ठेवली.

शनिवारी सकाळी अठरा रांजण भरले. तीन ओळी बरोबर बसल्या, उरलेल्या तीन बोटांत वहिनीने स्वतः पेंढा ठासला. फळी लागली आणि दोर आवळला. आणि मग सवयीने ती फळीवर पाय ठेवायला गेली. फळीमागे बोट घालायला जागा नव्हती. ती तशीच उभी राहिली, एक पाय वर उचललेला.

"अगं इकडे," दादा म्हणाला. त्याने पुढचं दार उघडून धरलं होतं. तो स्वतः मागच्या सीटवर बसला. धाकट्याने गाडी चालू केली आणि तिला पट्टा लावायला सांगितलं. तिला तो लावता येईना, दादाने मागून हात घालून लावून दिला.

खडीचा रस्ता लागला तसे तिचे पाय आपोआप पुढे रेटले गेले, पाठ ताठ झाली. प्रत्येक खड्ड्याला ती कान देत होती. मागे एकदा काहीतरी टक्‌ झालं. धाकट्याने आरशात बघितलं. 

रोपवाटिकेत दोर सोडला. वरच्या थरातल्या कोपऱ्यातल्या रांजणाला काठापासून पोटापर्यंत चीर गेली होती. रोपवाटिकावाल्याने तिच्यावरून बोट फिरवलं.

"सतरा," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मागे बसायच्या त्या बाई आज आल्या नाहीत वाटतं?"

वहिनी अजून पुढच्या सीटवरच होती. पट्टा सुटत नव्हता. तिने काच खाली केली.

"आलेय की," ती म्हणाली.

रोपवाटिकावाल्याने तिच्याकडे बघितलं, मग दादाकडे. दादा तडकलेला रांजण उचलून बाजूला ठेवत होता.

"पुढच्या वेळी पेंढा जास्त घालू," तो म्हणाला, आणि बायकोचा पट्टा सोडवायला गेला.